आजारी कोंबडी आणि आठवडी बाजार

गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या बाजूला एका खेड्यात गेल्या पावसाळ्यात मी एका वृद्धेच्या सांदवाडीत बसलो होतो. घरामागच्या त्या मोकळ्या जागेत आठ-दहा कोंबड्या धानाची कणी टिपीत होत्या. एक मात्र पंख पिंजारून, मान आखडून भिंतीशी उभी होती. विष्ठा हिरवट, पातळ. वृद्धेने तिला उचलून ओसरीच्या दूरच्या टोकाला तणसावर ठेवले आणि वर डालगे झाकले. मग गूळ-मिठाचे कोमट पाणी बोटाने चोचीच्या कडेला थेंब थेंब लावू लागली. पाणी घशात ओतायचे नसते, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. हे तिला कोणत्या पुस्तकाने शिकविले असेल असे वाटत नाही.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, “काकी, उद्या बाजार हाय. उभी हाय तोवर इकून टाका. मेली त का भेटन?”

प्रश्न व्यवहाराचा होता आणि गरिबाच्या घरी तो क्षुद्र नसतो. एका कोंबडीच्या किमतीत मुलांच्या वह्या येतात. शिवाय माणसे औषधावाचून राहत असताना पाखराची शुश्रूषा कशाला, असाही आक्षेप विचारी लोक घेतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने प्राण्यांना अकारण यातना देणे निषिद्ध मानले आहे. त्याचबरोबर माणसाच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही अनुचित ठरविले आहे. पण येथे उधळण कसली? गुळाचा एक खडा आणि म्हातारीचा वेळ! माझ्या मते खरा प्रश्न दयेचा नव्हताच. आपले नुकसान आपण सोसायचे की न सांगता दुसऱ्याच्या पदरात टाकायचे, हा तो प्रश्न होता.

कारण ही लक्षणे मानमोडीचीही असू शकतात. १९२० च्या दशकात हिमालयातील ज्या गावी हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला, त्या गावावरून त्याला राणीखेत हे नाव पडले. तो विषाणूजन्य आहे. एकदा जडल्यावर त्यावर औषध नाही. बाजारात नेलेली अशी एक कोंबडी दहा गावांच्या खुराड्यांत रोग पोहोचविते. अर्थात जंतांनी वा उन्हानेही कोंबडी अशीच मलूल होते, आणि पहिल्या दिवशी नेमके कारण कोण सांगणार? म्हणून वेगळे ठेवणे, निरोगी कोंबड्यांना आधी दाणे घालून आजारीकडे शेवटी जाणे, हात धुणे ही शुश्रूषा कोंबडीइतकीच शेजाऱ्याचीही असते.

दयेलाही मर्यादा असतेच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लक्षावधी कोंबड्या मारण्यात आल्या. त्यांत निरोगीही होत्या. ते पाहणाऱ्याला क्रौर्य वाटले असेल. पण अनेक पाखरे एकाएकी मरू लागली, तर ममतेपोटी ती लपविणे आणि पैशांपोटी विकणे यांचा परिणाम एकच होतो. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी देणेच भाग आहे.

वृद्धेने शेजारणीला उत्तर दिले नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “फादर, घेनाऱ्याच्या घरी बी लेकरं असतीनच ना?”

तिसऱ्या रात्री कोंबडी मेली. ती नाल्यात न फेकता तिने खोल खड्डा खणविला आणि चुना टाकून पुरली. मानमोडीची लस मिळते. परंतु एका कुपीत शंभर वा अधिक पाखरांपुरती लस असते आणि कालवल्यावर ती थोड्या तासांत संपवावी लागते, म्हणजे एकट्या घराला ती परवडत नाही. महिन्याभराने मी पुन्हा गेलो तेव्हा ती घरोघर फिरून कोंबड्या मोजीत होती. तिला अक्षरओळख नाही. मोजणीच्या रेघा ती कोळशाने आपल्या भिंतीवर ओढीत होती, आणि बाजाराचा सल्ला देणारी ती शेजारीण त्या रेघा वहीत उतरवून घेत होती.