घाईचा निकाल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. चढलाच तर चपला झिजतात. बापाने लावलेल्या दाव्याचा निकाल नातवाच्या हाती पडतो. म्हणून 2001च्या सुमारास केंद्राच्या पैशातून जागोजागी जलदगती न्यायालये निघाली, तेव्हा आम्हांला आनंदच झाला होता. उशीर म्हणजे अन्याय, तेव्हा घाई म्हणजे न्याय, असे काहीसे भाबडे गणित आम्ही मांडले होते.

ते बडोद्यात चुकले. 1 मार्च 2002 रोजी तेथील बेस्ट बेकरीवरच्या हल्ल्यात 14 माणसे मारली गेली. जलदगती न्यायालयाचा निकाल 27 जून 2003 रोजी आला. आपल्या देशात हा वेग वाऱ्याचाच! सर्व 21 आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक उलटले होते. डोळ्यांसमोर घरची माणसे गमावलेली मुलगीही आरोपींना ओळखेना. पुरावा नाही तर शिक्षा कशी द्यायची, हे खरेच. पण साक्षीदार का उलटतो आहे, कोणाला भितो आहे, हे विचारायला थांबावे लागते. घाईतल्या न्यायालयाला तेवढी सवड कुठली?

12 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा हुकूम दिला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. मुंबईत माझगावला विशेष न्यायालय बसले. तेही खासच, पण ते थांबले, ऐकत राहिले. 24 फेब्रुवारी 2006 रोजी 9 जणांना जन्मठेप झाली, 8 सुटले. ती मुलगी इथेही उलटली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला अवमानाबद्दल एक वर्षाची कैद दिली. तिला भिवविणाऱ्यांचे, फितविणाऱ्यांचे काय, हे आम्ही आजही एकमेकांना विचारतो.

विशेष न्यायालय नेहमी जलद असते असेही नाही. मुंबईच्या 1993च्या बॉम्बस्फोटांचा खटला टाडा न्यायालयात 1995 साली सुरू झाला आणि शिक्षा सुनावून संपायला 2007चा जुलै उजाडला. 100 दोषी ठरले, 23 निर्दोष. त्या 23 जणांनी इतकी वर्षे आरोपाचे ओझे वाहिले. आणि त्याआधीच्या दंगलींसाठी असे खास न्यायालय तेव्हा कोणाला सुचले नाही. तिथे चौकशी आयोग पुरेसा वाटला.

2012 साली मुंबई उच्च न्यायालयाने बेस्ट बेकरीतल्या 9 पैकी 5 जणांना सोडले, 4 जणांची जन्मठेप कायम केली. ती टिकली बेकरीतल्या जखमी कामगारांच्या साक्षीवर. पोटासाठी परमुलखातून आलेली ती गरीब माणसे मुंबईच्या कोर्टात उभी राहिली आणि समोरच्या आरोपींकडे बोट दाखवून बोलली.