पिच्छीचे पाच गुण

दुपारी हातात क्रोशाची सुई किंवा नुसता सुई-दोरा घेऊन बसणाऱ्या बाईला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. घरचं माणूस विचारतं, "बाजारात शंभर रुपयांत तयार मिळतं, मग डोळे कशाला फोडून घ्यायचे?" आणि स्वाध्यायाला येणारी एखादी मैत्रीण विचारते, "अगं, एवढ्या वेळात दोन माळा जपून झाल्या असत्या की!" पहिला प्रश्न पैशाचा. त्याचं उत्तर देता येतं, आणि नाही दिलं तरी चालतं. दुसरा प्रश्न मात्र आत जाऊन बसतो. कारण विचारणारी वाईट मनाने विचारत नाही, आणि तिचं म्हणणं अगदीच खोटंही नाही.

हा प्रश्न एकट्या क्रोशाचा नाही. खणाचं कापड आणून त्याचं तोरण करणं, जुन्या साडीचे पडदे करणं, ब्लाउजच्या बाहीला नवी धाटणी देणं, विधानाच्या मंडलात रंगीत तांदूळ भरणं, आणि हे सगळं करताना मोबाइलवर गाणी लावून सोबत गुणगुणणं. बिदरच्या आमच्या मैलूरात काय नि दुसरीकडे काय, बायकांच्या दुपारी अशाच जातात. नटणं, सजवणं, गाणं. मराठीत राग म्हणजे संताप, गाण्यात राग म्हणजे यमन किंवा भैरवी, आणि आपल्या शास्त्रात राग म्हणजे आसक्ती, बंधाचं कारण. मग या तिन्ही गोष्टींत रमणाऱ्या गृहिणीने स्वतःला काय समजायचं? ती घर चालवतेय, की नुसता राग वाढवतेय?

उत्तरासाठी फार दूर जायला नको. आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. आज लहानसं गाव दिसतं, पण हे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. इथूनच नवव्या शतकात सम्राट अमोघवर्षाने राज्य केलं, आणि त्याचे गुरू आचार्य जिनसेन यांनी संस्कृतात आदिपुराण लिहिलं. ते त्यांच्या हातून पुरं झालं नाही, शिष्य गुणभद्रांनी पुढचं काम केलं. या पुराणात पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांची कथा आहे. लहानपणापासून आपण ती ऐकतो, पण सुई-दोऱ्याच्या बाजूने ती फारशी कुणी सांगत नाही.

कल्पवृक्षांचं देणं आटलं, लोक भुकेने व्याकूळ होऊन ऋषभदेवांकडे आले. तेव्हा त्यांनी लोकांना उपास शिकवला नाही, वैराग्यही शिकवलं नाही. त्यांनी सहा कामं शिकवली: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. म्हणजे शस्त्र, लेखणी, शेती, विद्या, व्यापार आणि हातकाम. मुलगी ब्राह्मीला लिपी दिली, सुंदरीला अंक दिले, मुलांना नाट्य, संगीत, चित्रकला अशा विद्या दिल्या. ज्या महापुरुषाने पुढे मोक्षमार्ग दाखवला, त्यानेच आधी हाताला काम दिलं. शिल्प हे धर्माच्या बाहेरचं असतं, तर ते त्या सहांत आलंच नसतं.

पण कथा इथे थांबत नाही. एके दिवशी ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नावाची नर्तकी नाचत होती. नाचता नाचताच तिचं आयुष्य संपलं. इंद्राने क्षणात तिच्या जागी हुबेहूब तशीच दुसरी उभी केली, नाच चालूच राहिला, सभेला काही कळलं नाही. ऋषभदेवांना कळलं. तिथून ते राज्य सोडून निघाले.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. कला शिकवणारा तोच, आणि कलेच्या ऐन रंगात तिचा शेवट पाहणाराही तोच. मला वाटतं, आपली गल्लत होते ती यातली एकच गोष्ट उचलल्यामुळे. कुणी नुसतं शिल्प उचलतं आणि घर वस्तूंनी भरून टाकतं. कुणी नुसती नीलांजना उचलतं आणि दुसरीच्या हातातली सुई बघून नाक मुरडतं. गृहिणीला दोन्ही पाळायचं आहे: करायचंही, आणि ते संपणार आहे हे विसरायचंही नाही.

तत्त्वार्थसूत्राने तर परिग्रहाची व्याख्याच मोठी नेमकी केली आहे. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा. भुरळ पडून भान हरपणं. म्हणून मोजायचं ते कपाट नाही, मन. पण मन मोजायला गज नाही, म्हणून श्रावकाला भोगोपभोगाचं परिमाण सांगितलं. जेवण, फुलं एकदा वापरून संपतात तो भोग. कपडे, दागिने, घर पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग. दोन्हींना आपणच मर्यादा घालायची.

आता गंमत बघा, हातकामाला ही मर्यादा जन्मतःच असते. आमच्या सासूबाई वाकळ शिवायच्या. पलीकडच्या कन्नड घरांत तिलाच कौदी म्हणतात. विरलेली लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके सदरे असं सगळं जुनेर थरावर थर लावायचं आणि सगळीभर धावदोरा घालायचा. एक वाकळ पुरी व्हायला घरकामातून महिना दीड महिना जायचा. वर्षात किती होणार? बोटं दुखली की काम थांबतं, डोळे चुरचुरले की थांबतं. हाताला थकवा आहे, म्हणून हाताला परिमाण आहे. विकत घेण्याला थकवाच नाही. रात्री पडल्या पडल्या अंगठ्याने चार पडदे, सहा कुर्ते मागवता येतात. त्या अंगठ्याला काही दुखत नाही.

शिवाय वाकळीत नवं काही येत नाही. घरातलंच, टाकायला निघालेलं, पुन्हा अंगाखाली येतं. शेवटी ती इतकी विरते की तिचं पायपुसणं होतं, आणि मग तेही संपतं. संपण्यासाठीच केलेली वस्तू. नीलांजनाचा धडा सासूबाईंना वेगळा द्यावा लागला नाही.

पण हातकाम करणारी आपोआप अपरिग्रही होते, असं म्हणून मी आपल्या बाजूने निकाल देणार नाही. आजच्या हौसेचं रूप पाहा. लोकरीचे गुंडे, मणी, आरसे, लेस, खणाचे तुकडे, गोंदाच्या बाटल्या. करायच्या आधी साठवायचं, आणि साठवण्यातच हौस भागायची. तीन डबे मणी आहेत आणि तोरण अजून व्हायचं आहे! हे शिल्प नाही, ही खरेदीच आहे, फक्त तिने शिल्पाची साडी नेसली आहे.

दुसरा धोका याहून बारीक. विकतच्या वस्तूवर आपला लोभ असतो, पण हाताने केलेल्या वस्तूवर मान असतो. चार कषायांत क्रोध, मान, माया, लोभ अशी नावं आपण रोज घेतो, आणि हातकाम लोभाला कमी करता करता मानाला गुपचूप दार उघडतं. विकतचा रुमाल हरवला तर आपण दुसरा आणतो. स्वतः विणलेला रुमाल सुनेने पुसायला वापरला की मात्र आठ दिवस बोलणं बंद! "मी केलेलं आहे ते" या चार शब्दांत किती गाठी असतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

यावर आमच्या गावचीच बिदरी कला काही सांगते असं मला वाटतं. बहुतांश जस्त आणि थोडं तांबं अशा धातूचं भांडं ओततात. त्यावर छिन्नीने नक्षी कोरतात, त्या खोबणीत चांदीची तार ठोकून बसवतात. इतकं करूनही नक्षी उठून दिसत नाही, कारण धातूही पांढुरका आणि चांदीही पांढरी. मग बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात ते भांडं घालतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच राहते, आणि तेव्हा कुठे नक्षी झळकते. या कलेसाठी बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सबंध गावाला आनंद झाला. पण मला त्यात ती माती दिसते. चांदी महाग, कारागिराचं कसब मोठं, पण चांदीला चांदीपण दिसायला लागते ती मूठभर माती. आपण केलेल्या कुठल्याही गोष्टीत अशी आपली नसलेली माती असतेच: कुणी पिकवलेला कापूस, कुणी शिकवलेला टाका, कुणी सांभाळलेलं पोर म्हणून मिळालेली दुपार. तिची आठवण ठेवली की मान आपोआप नरम पडतो.

आता नटण्याबद्दल. आपल्या समाजात पूजेला, लग्नाला रेशीम नेसायचं की नाही, यावर वाद होतात आणि व्हायलाच हवेत. कर्नाटक हे देशात सर्वांत जास्त रेशीम पिकवणारं राज्य. सहावारी साडीसाठी हजारो कोश लागतात, आणि धागा अखंड निघावा म्हणून आतल्या जिवासकट ते उकळतात. आंध्रातल्या हातमाग खात्यात नोकरी केलेले कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर मागे राहिलेल्या कोशांपासून कापड करण्याची पद्धत बसवली. त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. पतंग बाहेर पडताना कोश फुटतो, धागा तुटतो, म्हणून तो कापसासारखा कातावा लागतो. कापडाला झळाळी कमी, किंमत जास्त. तेवढी कमी झळाळी आपण चालवून घेऊ का? फॅशनचा नैतिक प्रश्न मला एवढाच वाटतो. सुंदर दिसावं असं वाटण्यात पाप नाही. सुंदर दिसण्यासाठी काय शिजलं ते माहीत असून डोळे मिटण्यात आहे. ज्या बाईने स्वतः एक वीत कापड विणलं किंवा शिवलं आहे, तिला डोळे मिटणं जरा अवघड जातं. हातकामाचा हा मोठाच फायदा.

आणि गाणं? सगळ्या कलांत मला तेच जास्त अपरिग्रही वाटतं. गायलं की संपलं. कपाटात काही उरत नाही, धूळ झटकावी लागत नाही. जात्यावरच्या बायकांनी ओव्या रचल्या त्या कुठे ठेवून दिल्या? पीठ पडलं, ओवी गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून ओव्या गोळा केल्या, तेव्हा एक लाखाहून जास्त मिळाल्या. म्हणजे नावाची अपेक्षा न ठेवता बायकांनी केवढं केलं होतं! त्यांच्याकडे वेगळा 'छंदाचा वेळ' नव्हता. कामातच गाणं होतं, आणि गाण्याने काम हलकं होत होतं. भजनाला सिनेमाची चाल लावावी का, यावर आपण भांडतो. मला विचाराल तर चालीपेक्षा हे पाहावं की गाऊन झाल्यावर मन हलकं झालं, की दुसरीपेक्षा आपला आवाज चांगला लागला एवढंच उरलं.

आता त्या माळेवाल्या मैत्रिणीला मी काय उत्तर देते ते सांगते. ज्यांनी अंगावर सुताचा धागाही ठेवला नाही, त्या दिगंबर मुनिराजांच्या हातात काय असतं? पिच्छी आणि कमंडलू. पिच्छी ही हाताने बांधलेली वस्तू आहे. मोराने स्वतःहून टाकलेली पिसं गोळा करून, सारखी करून कुणीतरी ती बांधलेली असते. बसण्याआधी, शास्त्र उचलण्याआधी मुनिराज तिने जागा हळूच झाडतात, म्हणजे मुंगीलाही इजा नको. चातुर्मास संपला की पिच्छी-परिवर्तन होतं, नवी येते, आणि जुनी संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाकडे जाते. सर्वस्वाचा त्याग केल्यावरही जी एक वस्तू हातात राहिली, ती कुणाच्या तरी हातकामाची आहे. म्हणजे हातकाम आणि त्याग एकमेकांचे वैरी नाहीत.

पिच्छीचे शास्त्रात पाच गुण सांगितले आहेत. ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असते, सुकुमार असते आणि हलकी असते. मैत्रिणींनो, आपण घरी जे काही करतो त्याला हेच पाच गुण लावून पाहूया.

धूळ धरते का? म्हणजे ती वस्तू वापरात आहे की नुसती शोकेसात? धूळ बसली की समजायचं, ही गरज नव्हती, साठा होता. घाम धरते का? म्हणजे तिच्यात कुणाचा न मोजलेला घाम अडकला आहे का? लंबाणी तांड्यावरच्या बाईने आरसे-कवड्या लावून केलेला बटवा आपण घासाघीस करून अर्ध्या किमतीत आणला, तर तो घाम त्यात राहतोच. स्वतःचाही घाम मोजावा. रात्री जागून, पाठ मोडून केलेली सजावट घरात चिडचिडच आणते. मऊ आहे का? म्हणजे ती करताना आणि केल्यावर आपण मऊ झालो, की कुणी हात लावला तर खेकसतो? सुकुमार आहे का? म्हणजे कुठल्या जिवाला तिच्यापायी इजा झाली का? आणि हलकी आहे का? म्हणजे कुणी मागितली तर चटकन हातावेगळी करता येईल का?

पाचही गुण लागू पडतील अशी वस्तू क्वचितच होते. लेकीच्या बाळासाठी जुन्या मऊ सुती साडीचं शिवलेलं दुपटं बहुधा या कसोटीला उतरतं. रोज धुतलं जातं म्हणून धूळ नाही, जुनं म्हणून मऊ, सुती म्हणून अहिंसक, आणि बाळ मोठं झालं की दुसऱ्या बाळाकडे जाणार म्हणून हलकं. माळ जपणारीने माळ जपावी. ती मोठीच गोष्ट आहे. पण दुपट्याचा एकेक टाका घालताना जी बाई बाळाखेरीज दुसरं काही मनात आणत नाही, स्वतःलाही नाही, तिच्या बोटांखालून त्या वेळी काय सरकत असतं? मला तरी ते मण्यांपेक्षा फार वेगळं वाटत नाही.