सांगितलं होतं ना?

कन्नड तालुक्यात "तो औषध मारायला गेलाय" असं कुणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दवाखाना येत नाही. पाठीवर पंप घेतलेला माणूस येतो. मक्याच्या पोंग्यातली लष्करी अळी, कपाशीवरचे तुडतुडे आणि बोंडअळी, अद्रकीच्या कंदाला लागणारी माशी. पिशोरपासून देवगाव रंगारीपर्यंत पावसाळ्याचे तीन-चार महिने कुठे ना कुठे फवारणी चालूच असते. आपण त्याला औषध म्हणतो. पण त्याच बाटलीवर कायद्याने वेगळा शब्द छापायला लावला आहे. लाल त्रिकोण असेल तर कवटी, हाडं आणि 'विष'. पिवळा असेल तर कवटी नाही, पण 'विष' हा शब्द आहेच. निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान'. म्हणजे हिरवा रंगही 'बिनधास्त वापरा' असं सांगत नाही. तो फक्त 'बाकीच्यांपेक्षा कमी' एवढंच सांगतो.

बाटलीसोबत एक घडीपत्रिकाही असते. हातमोजे घाला, गमबूट घाला, तोंडाला मास्क लावा, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, फवारताना खाऊ-पिऊ नका, रिकामी बाटली फोडून पुरा. लिहिलेलं सगळं बरोबर आहे. अक्षर मुंगीएवढं असतं हा भाग सोडला, तर तक्रारीला जागा नाही.

मग कधीतरी फवारणारा माणूस शेतातच चक्कर येऊन पडतो. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास लागणं. आणि त्याच्या भोवतीचा जो तो एकच वाक्य बोलतो. कंपनी म्हणते, लेबलवर लिहिलं होतं. दुकानदार म्हणतो, देतानाच बोललो होतो. अधिकारी म्हणतात, मेळावा घेतला होता. मालक म्हणतो, तोंडाला बांध म्हणालो होतो रे त्याला. सांगितलं होतं ना?

या लेखाचा प्रश्न एवढाच आहे: सांगितलं म्हणजे जबाबदारी संपते का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याची गोष्ट आपल्याला वाटते त्यापेक्षा विचित्र आहे. 1958 साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं गेलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभराहून जास्त माणसं मेली. ती शेतकरी नव्हती, फवारणारी नव्हती. जेवायला बसलेली माणसं होती. त्यानंतर देशभर एक कायदा हवा ही जाणीव झाली आणि 1968 चा कीटकनाशक कायदा आला. 1971 साली त्याखालचे नियम आले. नोंदणी, परवाना, लेबल, तपासणी, सगळं त्यात आहे. आज जो रंगीत त्रिकोण आपण पाहतो, तो या नियमांमधूनच आला.

याच नियमांत संरक्षक कपड्यांचाही नियम आहे. त्याचा आशय असा, की कीटकनाशक बनवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, विकणाऱ्या आणि फवारणाऱ्या माणसांना योग्य कपड्यांनी पुरेसं संरक्षण दिलं जावं. शाळेतलं व्याकरण आठवा. 'दिलं जावं.' कोणी द्यावं? कर्ता कुठे आहे? कारखान्यात तो शोधावा लागत नाही, कारण तिथे मालक असतो, हजेरीपट असतो, निरीक्षक असतो. शेतात मात्र तो कर्ता कुणालाच सापडत नाही.

आणि कायद्याचं 38 वं कलम तर याहून पुढे जातं. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कुणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा कायदा लागूच नाही. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या मागे निरीक्षक लावणं शक्यही नव्हतं आणि बरंही नव्हतं. उद्या ढेकूण मारले म्हणून एखाद्या गृहिणीवर खटला भरायचा का? पण परिणाम काय झाला ते बघा. कायदा बाटलीसोबत कारखान्यातून निघतो, गोदामात येतो, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत येतो आणि बांधापाशी किंवा उंबऱ्यापाशी थांबतो. तिथून पुढे बाटलीसोबत फक्त लेबल जातं. म्हणजे जिथे विष माणसाच्या अंगाला लागतं, नेमकं तिथेच कायद्याच्या जागी एक सूचना उरते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला आली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. जास्त दाबाने बारीक तुषार उडवणारे पंप आले होते. अळी आटोक्यात येत नाही म्हणून दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली. 60 दिवसांसाठी. कारण राज्याला या कायद्याखाली कायमची बंदी घालताच येत नाही. तोवर फवारणीचा मुख्य हंगाम उरकत आला होता.

त्या पाचात डायफेंथियुरॉन होतं. ते ज्या स्वित्झर्लंडमधून भारतात येत होतं, तिथल्या शेतात त्याला परवानगी नव्हती. तिथल्या सिंजेंटा या कंपनीने आपल्या उत्पादनाचा या विषबाधांशी संबंध नाकारला आणि तो वाद तिथल्या न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाचा निकाल आपण इथे लावू शकत नाही. पण स्वित्झर्लंडने 2021 पासून ज्या पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली, त्यात हेही होतं. 2017 च्या चर्चेत मात्र सगळ्यात सोपं उत्तर पुन्हा तेच निघालं: मजुरांनी हातमोजे आणि मास्क वापरले नव्हते.

खरं आहे, वापरले नव्हते. पण त्यावरून काय सिद्ध होतं?

समजा, एका नाल्यावरच्या पुलावर पाटी आहे: 'पूल धोकादायक आहे, वापरू नये.' गावाला दुसरा रस्ता असेल, तर ही पाटी पुरेशी आहे. तरीही कुणी हौसेने पुलावर गेला, तर दोष बऱ्याच अंशी त्याचा. पण गावाला दुसरा रस्ताच नसेल, शाळा, बाजार आणि दवाखाना पलीकडेच असतील, तर ती पाटी कुणाचं रक्षण करते? गावाचं नक्कीच नाही. पाटी लावणाऱ्याचं करते. शब्द तेच, लोखंड तेच, पण पहिल्या ठिकाणी ती सूचना आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आधीच लिहून ठेवलेला बचाव आहे. फरक लिहिणाऱ्याच्या हेतूत असेलच असं नाही. तो वाचणाऱ्याला ती पाळता येते का, यात आहे.

आता हीच कसोटी फवारणीला लावा. सप्टेंबरचं ऊन, पावसाने आलेली वाफ, पाठीवर 16 लिटरचा पंप, गुडघाभर चिखल. वर रबरी मोजे, प्लास्टिकचा कोट आणि नाकातोंडावर मास्क घालून दिवसभर चालून बघा. लोक तोंडाला रुमाल बांधतात, तो अर्ध्या तासात भिजतो आणि औषध उलट त्वचेला धरून ठेवतो. अनेक कीटकनाशकं नाकापेक्षा कातडीतूनच जास्त आत जातात. शिवाय औषध आणणारा एक, पत्रिका बघणारा (बघितली तर) तोच, आणि फवारणारा दुसरा. गुत्त्याने फवारणी घेतलेल्या माणसाचे पैसे किती पंप मारले यावर ठरतात. त्याने वारा पडायची वाट बघत बांधावर बसायचं ठरवलं, तर त्याचा रोज बुडतो. पाटी आहे, पण पुलाला पर्याय नाही.

आणि ज्यांच्यासाठी पाटीच नाही, त्यांचं काय? फवारणी झालेल्या वावरात दुसऱ्या दिवशी खुरपायला जाणाऱ्या बाया. संध्याकाळी ते भिजलेले कपडे हाताने धुणारी बायको किंवा आई. घडीपत्रिका ज्याच्याशी बोलते, तो पंप धरलेला पुरुष आहे. धुण्याच्या दगडापाशी बसलेल्या बाईशी ती क्वचितच बोलते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शेतकरी शहाणा माणूस आहे. त्याला काय परवडतं, काय नाही, हे त्याला कळतं. मुंबई-दिल्लीत बसून 'हे वापरू नकोस' म्हणणारे अळीने खाल्लेल्या पिकाची भरपाई देतात का? शिवाय तीन एकरवाला मालक स्वतःच अर्धा मजूर असतो. अनेकदा पंप त्याच्याच पाठीवर असतो. त्याला खलनायक करून काय मिळणार?

या आक्षेपातलं स्वातंत्र्याचं मूल्य मला मान्य आहे. पण स्वातंत्र्य म्हणजे निवड, आणि निवडीला किमान दोन गोष्टी समोर लागतात. सगळे धोके तसेच ठेवून 'सांभाळून कर' म्हणणं ही निवड नव्हे. पिकाच्या भीतीला मात्र जगाकडे एक उत्तर आहे. श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी कीटकनाशकं 1995 च्या सुमारास बाजारातून काढली, पुढेही एकेक करून काढत गेली. तिथे कीटकनाशकांमुळे होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले आणि पिकाच्या उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचं दिसलं नाही. त्याच श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतं आणि औषधं एकदम बंद केली, तेव्हा शेती कोलमडली. म्हणजे प्रश्न 'सगळं किंवा काहीच नाही' असा नाही. सर्वांत घातक ते आधी आणि टप्प्याटप्प्याने, असा आहे.

आपल्याकडे हेच मोनोक्रोटोफॉस 2005 मध्ये भाजीपाल्यावर वापरायला बंद झालं, पण कपाशीसाठी चालू राहिलं. बाटली तीच, दुकान तेच. वांग्यावर मारू नका हे पुन्हा लेबलनेच सांगायचं. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं मेली, स्वयंपाकाच्या तेलात हेच सापडलं. 2017 च्या 60 दिवसांच्या यादीतही हे होतं. त्याच्या 36 टक्के द्रावणावर बंदी आली 2023 मध्ये. एवढी वर्षं त्याच्या लेबलवर सगळं नीट लिहिलेलं होतं.

कारखान्यातल्या सुरक्षेचं एक साधं शास्त्र आहे. आधी धोका काढून टाका. काढता येत नसेल तर कमी धोक्याची वस्तू आणा. तेही जमत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये यंत्र किंवा आडोसा आणा. मग कामाची पद्धत बदला. हातमोजे आणि मास्क सर्वांत शेवटी, कारण तो सर्वांत कच्चा उपाय आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांविषयीची आचारसंहिताही हेच सांगते: जे औषध वापरायला त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरणं टाळलं जावं. म्हणजे मास्क घालवत नसेल तर दोष आधी बाटलीचा, मग माणसाचा. आपण हा क्रम उलटा केला आहे.

माझं म्हणणं एका ओळीत असं: जबाबदारी माहिती कुणाला दिली यावर ठरू नये, धोका कुणाला बदलता येतो यावर ठरावी. मजूर फार तर अंगावरचे कपडे बदलू शकतो. शेतकरी औषध, वेळ आणि नोझल बदलू शकतो. दुकानदार शिफारस बदलू शकतो. कंपनी उत्पादन बदलू शकते आणि सरकार यादी बदलू शकतं. यात मजुराची जबाबदारी शून्य होत नाही. हात न धुता तंबाखू मळणं हा त्याचाच दोष. पण त्याचा वाटा त्याच्या हातात जेवढं आहे, तेवढाच.

आता तुमच्याकडे येऊ. हा लेख तुम्ही फोनवर वाचताय. तालुक्यातल्या कितीतरी घरांत बाटलीवरचं बारीक अक्षर फोटो काढून मोठं करू शकणारी व्यक्ती तुमच्याच वयाची असते. 2022 पासून परवानाधारकांना कीटकनाशकं ऑनलाइन विकायलाही परवानगी आहे. म्हणजे काउंटरही तुमच्या हातात आला. म्हणून तुमच्या हातात जे बदलण्यासारखं आहे, ते तुमचं आहे. दुकानात लाल-पिवळ्याऐवजी निळं-हिरवं काही आहे का, हे विचारणं. मिसळ न करणं. मोजे आणि साबण-पाणी मजुरीच्या हिशेबातच धरणं, त्याच्या मर्जीवर न सोडणं. फवारणीचे कपडे वेगळे धुणं. रिकाम्या कॅनमध्ये तेल, दूध किंवा पाणी कधीही न भरणं. घरात ढेकणांसाठी धान्यातल्या गोळ्या न ठेवणं. आणि कुणाला त्रास झालाच, तर लेबलचा फोटो घेऊन त्याला तातडीने दवाखान्यात नेणं, कारण डॉक्टरला उपचार ठरवायला आतलं रसायन कळावं लागतं.

यातलं काहीही कंपनीचा किंवा सरकारचा वाटा कमी करत नाही. तो मागत राहायलाच हवा. पण नियमातलं ते कर्ता नसलेलं वाक्य, 'संरक्षण दिलं जावं', किमान आपल्या बांधावर पूर्ण करता येतं. तिथे कर्ता लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.