भुकेल्याने सांगावे की आपण ओळखावे?



भुकेल्याला अन्न द्यावे की नाही, हा प्रश्न श्रद्धावंतापुढे उरलेलाच नाही. त्याचे उत्तर दिव्य कुरआनने सूरह माऊनमध्ये इतक्या कठोरपणे दिले आहे की, गरिबाच्या अन्नाविषयी बेफिकीर असणाऱ्याला धर्म खोटा ठरवणाऱ्यांच्या रांगेत बसवले आहे. प्रश्न त्याच्या एक पाऊल अलीकडचा आहे. एखाद्या घरात आज चूल पेटली नाही, हे कळवण्याची जबाबदारी कोणाची? त्या घराची, की आपली?

वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. कार्तिकात तेथे यात्रा भरते आणि आलेल्या माणसाला जेवू घातले जाते. आपल्याकडे रमजानात मशिदीच्या आवारात इफ्तारचा दस्तरखान पसरतो. दोन्ही कामे पुण्याची आहेत. परंतु दोन्हींत अन्न मिळते ते येऊन बसणाऱ्याला. ज्याचे पाय लाजेने उंबरठ्यातच अडखळतात, त्याचे काय?

आपल्या वऱ्हाडात भूक बहुधा भिक्षापात्र घेऊन येत नाही. ती दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या घरात असते. सातबारावर नाव असते, दारात बैल नसला तरी खुंटा असतो. आषाढात हाती होते ते बियाण्यात आणि खतात जाते. कपाशी घरात येईपर्यंत दसरा-दिवाळी उजाडते. मधल्या श्रावण-भाद्रपदात पावसाने उघडीप दिली तर निंदणाची मजुरीही थांबते. अशा घरातील स्त्री शेजारणीकडे मीठ मागेल, पीठ मागणार नाही.

मदत करणारी व्यवस्था मात्र नेहमी पुरावा मागत आली आहे. इंग्रजी अमलात 1880 च्या दुष्काळ आयोगाने तत्त्वच घालून दिले की, अल्प मजुरीवर कष्टाचे काम करायला जो येईल तोच खरा गरजू समजावा. पुढे 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत खडी फोडणे हीच भुकेची परीक्षा ठरली. आज कायदा पुष्कळ उदार आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला 5 किलो धान्याचा हक्क दिला. त्याबद्दल कृतज्ञ असावे. तरीही कागदाची मर्यादा राहतेच. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते, पण कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. नातेवाइकाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज कागदावर दिसत नाही, आणि प्रकरणावर ‘अपात्र’ असा शेरा पडतो. भूक तीच, मुले तीच. शब्द तेवढा बदलतो.

शासनाला कागदावाचून चालणार नाही, हे मान्य. आपण तर शेजारी आहोत. आपल्याला कागद कशाला हवा? सूरह बकराच्या 273 व्या आयतीत अशा गरजूंचे वर्णन आहे, ज्यांच्या स्वाभिमानामुळे अनभिज्ञ माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत, त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळखावे लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही स्पष्ट केले की, घास-दोन घासांसाठी दारोदार फिरणारा तो खरा मिस्कीन नव्हे, ज्याच्याजवळ पुरेसे नाही, ज्याची अवस्था कोणाच्या लक्षात येत नाही आणि जो मागतही नाही, तो मिस्कीन. म्हणजे ओळखण्याचे काम देणाऱ्याचे आहे.

माननीय उमर (रजि.) यांच्या चरित्रातील प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. मदीनेबाहेर रात्री एक स्त्री चुलीवर नुसते पाणी उकळत ठेवून रडणाऱ्या मुलांची समजूत घालत होती. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने उमरविरुद्ध अल्लाहकडे दाद मागितली. तुमची अवस्था उमरला कशी कळणार, असे त्यांनी विचारले. तिचे म्हणणे असे होते की, आमचा कारभार हाती घ्यायचा आणि आमच्याविषयी बेखबर राहायचे, हे कसे? उमर (रजि.) यांनी तिला अर्ज का केला नाहीस असे सुनावले नाही. ते परतले आणि पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन आले. ‘मला कळलेच नाही’ हा बचाव त्यांनी स्वतःसाठी वापरला नाही.

कोणी म्हणेल, न मागता देऊ लागलो तर लबाड फायदा घेतील. शंका रास्त आहे. जकात ही अमानत आहे; चौकशी केलीच पाहिजे. पण चौकशी करून, मन निश्चित करून दिलेली जकात घेणारा पुढे सधन निघाला तरी देणाऱ्याची जकात अदा होते, असे हनफी फिकहचे मत आहे. एका सधन माणसाच्या घरी चुकून पाच किलो पीठ गेले, तर हानी पाच किलो पिठाची. एक उपाशी घर सुटले, तर हिशेब आखिरतमध्ये द्यायचा आहे. चौकशी असावी, ती आपण आणि गुपचूप करावी. तिचा भार भुकेल्याच्या मानेवर टाकू नये. धान्याची पिशवी हाती देऊन छायाचित्र काढणे, हीदेखील आजची खडी फोडणेच आहे.

आणि शेजारी म्हणजे केवळ आपला धर्मबंधू नव्हे. हनफी मतानुसार जकात मुस्लिम गरजूंसाठी असली, तरी नफल सदक्याला ही मर्यादा नाही. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, हे त्यांनी आधी विचारले. कौंडण्यपुरासारख्या गावात ज्या भिंतीला आपली भिंत लागून आहे, त्या घराचा हक्क आपल्यावर आहे, मग तेथे तुळशीवृंदावन असो की मुसल्ला.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपण बहुतेक जण जकात रमजानात देतो. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, तेव्हा कापसाचे पैसे गावात थोडेफार असतात. वऱ्हाडातील भूक मात्र पेरणीनंतर वाढते. निसाब पूर्ण असलेल्याला वर्ष संपण्यापूर्वीही जकात आगाऊ देता येते. तेव्हा पुढील वर्षाच्या जकातीचा काही भाग जुलैपासून दरमहा एका घरासाठी लावून द्या. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे, हे विसरू नका. आणि देताना असे द्या की, त्या घरातील मूलही दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मान वर करून पाहू शकेल. कारण उपकार बोलून दाखवणे आणि मन दुखावणे सदका वाया घालवते, असे कुरआनने बजावले आहे.

आज मगरिबनंतर आपल्या गल्लीतील घरे एकदा मनात मोजून पाहा. कोणत्या घरातून अलीकडे फोडणीचा वास आलेला नाही?

अल्लाह आपल्याला न मागणाऱ्याचा चेहरा वाचण्याची दृष्टी देवो. आमीन.