आणलेलं पाणी, तीच नदी

अग्रणी खानापूर तालुक्यात उगम पावते, कवठे महांकाळच्या दुष्काळी मुलखातून वाहते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. पावसाळा सरला की तिचं पात्र कोरडं पडतं. मग म्हैसाळ योजनेचं आवर्तन सुटतं आणि कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून याच पात्रात उतरतं. तेव्हा जी वाहते ती अग्रणीच का? आपल्या दर्शनांनी हाच प्रश्न माणसाच्या जाणिवेबद्दल विचारला आहे. बौद्धांच्या मते टिकून राहणारं काहीच नाही. एकामागून एक क्षण येतात आणि त्यांच्या सलग मालिकेला, संतानाला, आपण ‘मी’ म्हणतो. त्यावर नैयायिकांनी विचारलं, की मालिकाच असेल तर ती एकाच माणसाची कशावरून? आक्षेप वजनदार आहे, तो शब्दच्छल म्हणून झटकता येत नाही.

त्याचं उत्तर शोधायला मला आजच्या संगणकशास्त्राची मदत होते. ‘रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स’ हे माहितीचे प्रवाह हाताळण्याचं प्रमाणक २०१५ साली ठरलं आणि २०१७ च्या जावा ९ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीत त्याचा सांगाडा आला. त्यानुसार प्रवाहातले सगळे घटक आरंभीच ठाऊक असावे लागत नाहीत. चालू प्रवाहात बाहेरून नवे घटक सोडता येतात. अटी मात्र कडक आहेत: एका वेळी एकच घटक, आणि घेणाऱ्यानं मागितलं त्याहून अधिक नाही. हे प्रमाणक पाळणाऱ्या ‘रिॲक्टर’ या लायब्ररीत दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी, एकाच क्षणी घटक ढकलू पाहिले, तर घटक आत घेणारा ‘सिंक’ घुसणाऱ्याला परत फिरवतो. घटकाचं मूळ गाव कोणतं, याची तिथं चौकशी होत नाही. तो पाळी धरून आला का, एवढंच पाहिलं जातं. मालिकेला बांधणारं तत्त्व मला इथं दिसतं. आधीच्याशी क्रमानं जोडलं जाणं आणि पुढच्याला पेलेल इतकंच येणं, यातच तिचं एकपण आहे. मागणी अर्ज भरून पाण्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

कुणी म्हणेल, मग जुन्या ग्रंथांत मागाहून घुसडलेले प्रक्षेपही खपवून घ्यायचे का? शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कुणी नवी ओवी घालू नये, असं बजावलं. ते योग्यच होतं. ‘रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स’च्या प्रमाणकातही समाप्तीचा संदेश गेल्यावर एकही घटक सोडता येत नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागून ग्रंथ पुरा केला होता. कीर्तन तसं मिटलेलं नाही, म्हणून कीर्तनकाराचा नवा दृष्टांत त्यात सहज सामावतो.

अग्रणीही मिटलेली नाही. भर उन्हाळ्यात तिच्या पात्रातून वाहतं ते अग्रणीचंच पाणी आहे, आणि ‘हे तर पंपाचं’ म्हणून त्यात घाण सोडायची सबब कुणालाही मिळता कामा नये.