जळकं ऑइल कुणाचं?

अवसरी बुद्रुकमध्ये जळक्या ऑइलला कुणी कचरा म्हणत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना ते लागतं, गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, अवजारं गंजू नयेत म्हणून त्याचा बोळा फिरवतात. मंचरच्या गॅरेजांत तर ड्रम भरला की भंगारवाला पैसे मोजून नेतो. "कुठं ओतत नाही ना?" असं एका मिस्त्रीला विचारलं, तर म्हणाला, "दादा, पैसे कोण ओतून देतं?"

खरंय. ओतलं जातं ते बहुतेक घरी बदललेलं. मोटरसायकलचं निघून निघून लिटरभर निघतं. तेवढ्यासाठी भंगारवाला येत नाही, मग ते बांधाच्या कडेला जातं. डबा कापून पेंडीचं माप होतो, नाहीतर अंघोळीच्या बंबात जळतो. (प्लास्टिकच्या धुरावर तापलेल्या पाण्याने आपण स्वच्छ होतो, हे एक वेगळंच.)

एवढ्याशा ऑइलने काय होतं?

डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये एक कल्पना मांडली होती. हजार छळ करणारे आणि हजार बळी. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी किंचित वाढते की ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबली गेली की वेदना असह्य होते. मग दोषी कोण? पारफिटचं म्हणणं, प्रत्येक जण.

पण ऑइलचा मामला याहून सरळ आहे, कारण इथे एकट्याचा वाटाही किंचित नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते की एका तेलबदलाचं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. हा वरच्या टोकाचा आकडा आहे. ओतलेला प्रत्येक थेंब विहिरीत पोचत नाही, बराचसा मातीत अडकतो. पण त्या मातीत आपण कांदा-बटाटा लावतो. इंजिनात झिजलेल्या धातूचे कण, जस्ताची रसायनं, ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगं हे सगळं त्या काळ्या रंगात असतं.

माझ्या धंद्यातली उपमा द्यायची तर, सी भाषेत जो मेमरी मागतो त्यानेच ती परत करायची असते. पुढच्या अनेक भाषांनी हे काम गार्बेज कलेक्टरवर सोपवलं आणि आम्ही विसरायला मोकळे झालो. भंगारवाला हा आपला गार्बेज कलेक्टर. फरक एवढाच की कॉम्प्युटरमधली मेमरी मोकळी झाली की प्रश्न संपतो, ड्रम मात्र कुठेतरी जातो. कुठे, हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. तो भट्टीत जळू शकतो किंवा शुद्ध होऊन पुन्हा इंजिनात येऊ शकतो. ऑइल झिजत नाही, मळतं. ईपीएच्याच हिशेबाने ३.८ लिटर जळक्या ऑइलमधून साधारण २.४ लिटर नवं वंगण निघतं. तेवढ्याचसाठी कच्चं तेल १५९ लिटर लागतं.

आपल्याकडे २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल आणि त्याने माखलेले डबे घातक कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवर पुनर्चक्रणाची जबाबदारीही आली. पहिल्या वर्षी ५ टक्के, पुढे टप्प्याटप्प्याने वाढती. मला हे योग्य वाटतं. पण कंपनीचा हात बांधापर्यंत पोचत नाही. तिथे आपणच असतो. नवं ऑइल इंजिनात गेलं की डबा रिकामाच असतो: जुनं गार झाल्यावर त्यातच भरायचं, बूच घट्ट लावायचं, पाणी-पेट्रोल मिसळू द्यायचं नाही आणि बाजाराला जाताना गॅरेजच्या ड्रमात नेऊन टाकायचं. डबाही तिथेच, रात्रभर उपडा ठेवून निथळलेला.

इतपत सोपं आहे. अवघड पुढे आहे. परवाना असलेला खरेदीदार कमी भाव देत असेल आणि भट्टीवाला जास्त, तर मिस्त्रीने कुणाला द्यावं? उरलेला फरक त्याच्याच खिशातून का जावा? मी सर्व्हिसिंगचे वीस रुपये जास्त द्यायला तयार आहे का, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.