घर कुणाचे, चित्र कुणाचे?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात बायबरी नावाचे खेडे आहे. तिथली आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची ओळ पाहायला जगभरातून माणसे येतात. १३८० च्या सुमारास मठाची लोकर ठेवायला बांधलेली ही वखार. सतराव्या शतकात तिच्यात विणकरांची घरे झाली. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, सामाईक भिंती, उभ्या उताराचे छप्पर आणि त्यावर दगडाचीच कौले. वळचणीला मोठी, आढ्याकडे लहान होत गेलेली. समोरच्या पाणथळ कुरणात कापड वाळत घालीत. आता ही घरे नॅशनल ट्रस्टकडे आहेत आणि त्यांत आजही माणसे राहतात.

२०१७ साली या ओळीजवळ उभी राहणारी एका वृद्ध रहिवाशाची पिवळी मोटार कुणीतरी फोडली. तिच्यामुळे फोटो बिघडतो, ही पर्यटकांची तक्रार जुनीच होती.

जुने जपावे, यात आमचा वाद नाही. पण वखारीची घरे झाली नसती, तर ही भिंत आज पाहायला तरी उरली असती काय? राहणाऱ्यांनीच ती राखली. अल्लाह आपला हक्क माफ करील, पण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो, हे हुकूकुल इबादचे बोल आपण लहानपणापासून ऐकतो. घराजवळ गाडी लावणे त्यात बसत नाही काय?

आणि आम्ही तरी कोण मोठे? ताजमहालासमोर फोटोच्या मध्ये आलेल्या माणसावर आम्हीही खेकसलो आहोत. तो तिथला झाडूवाला होता.